घोडा बघून येते

मंगोलियात, उलानबातरला उतरले तेव्हा बरोबर कुणीच नव्हतं. गोबीच्या वाळवंटात एकटीने जायचं म्हणजे गाडी, ड्रायव्हर आणि दुभाषी या सगळ्यांचा रोजचा खर्च एकटीच्या डोक्यावर. माणसं जमली तर तोच वाटला जातो. त्यामुळे तिथल्या गेस्टहाउसमध्ये नाश्ता करताना सगळे एकमेकांना जोखत असतात. हा घोरत असेल का, हिला गाडी लागत असेल का. दोन दिवस मीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी एक फ्रेंच जोडपं, एक कोरियन नर्स, एक निवृत्त डच पोस्टमन आणि मी असे पाच जण जमलो. सहाव्याची वाट बघण्याएवढी सुट्टी कुणाकडेच नव्हती.

गाडी म्हणजे करड्या रंगाची रशियन फुर्गोन. रशियात तिला बुखांका म्हणतात, म्हणजे पावाची लादी. दिसते तशीच. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, आतच, एका झाकणाखाली असतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आग्रहाने मला पुढची सीट दिली. का दिली ते दुपारपर्यंत डावी पोटरी भाजल्यावर कळलं. ड्रायव्हर पन्नाशीचे. आमची दुभाषी, कॉलेजात शिकणारी मुलगी, म्हणाली की त्यांना ‘अखा’ म्हणा, म्हणजे दादा. मला ते म्हणायला काहीच जड गेलं नाही.

खरा प्रश्न वेगळाच होता. डांबरी रस्ता सुटला की चारी दिशांना नुसती सपाट खडी. गोबी म्हणजे वाळूच वाळू असं मी समजत होते. प्रत्यक्षात वाळू थोडी, खडी आणि खुरटं गवत फार. झाड नाही, झुडूप गुडघ्याच्या वर नाही, म्हणजेच आडोसा नाही. सकाळपासून दोन लिटर पाणी प्यायलेल्या बाईने करायचं काय? पहिल्या थांब्यावर आम्ही तिघी गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत नुसत्या उभ्या. शेवटी मी सॅकमधून छत्री काढली. ऑगस्टात छत्रीशिवाय घर सोडायचं नाही हा आईचा कायदा, मग जायचं वाळवंटात का असेना. ती उघडून जमिनीवर टेकवली की मागे झकास खोली तयार. पुढचे आठ दिवस ती छत्री सार्वजनिक मालमत्ता होती.

आमची धांदल बघून दुभाषी हसली. म्हणाली, आमच्याकडे असं सरळ सांगत नाहीत, ‘मोर खार्ना’ म्हणतात, म्हणजे ‘घोडा बघतो’. घोडा बांधलाय तिकडे जरा बघून येतो, असं. मोर म्हणजे घोडा, यावर मी एकटीच हसत बसले आणि बाकीच्यांना मोर समजावता समजावता थकले.

चौथ्या दिवशी, खोंगोरिन एल्सच्या वाळूच्या टेकड्यांहून बायनझागकडे जाताना भर दुपारी इंजिन खोकायला लागलं आणि बंद पडलं. उन्हाने पेट्रोलची पंपातच वाफ झाली होती. अखांनी झाकण उघडलं, एक फडकं आमच्या पिण्याच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळलं, गाडीच्या सावलीत सतरंजी पसरली आणि झोपले. डच आजोबांनी घड्याळ बघितलं, मग दहा मिनिटांनी पुन्हा. फ्रेंच जोडप्याचं आपसात भांडण झालं. शब्द कळले नाहीत, विषय कळला. मी दाण्याच्या चटणीचा डबा काढला. सकाळचा गार भात होता, कोरियन मुलीकडे समुद्री शैवालाचे कागद होते. त्यात भात, वर चटणी, गुंडाळी करायची आणि खायची. मटणाच्या वासाला कंटाळलेल्या तोंडाला ते काय लागलं म्हणून सांगू! अखांनी उठून एक गुंडाळी खाल्ली, काही न बोलता तीन वाट्या चहा प्यायले. संध्याकाळी दुभाषीमार्फत निरोप आला : त्या डब्यात अजून काही उरलंय का?

बायनझागचे लाल कडे आम्ही त्यामुळे नेमके सूर्यास्ताला गाठले. १९२३ साली अमेरिकन संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूजच्या तुकडीला डायनासोरची अंडी सापडली ती इथेच. रंग बघून डच आजोबा घड्याळाबद्दल बोलायचे थांबले.

त्या रात्री एका उंटवाल्या कुटुंबाच्या गेरमध्ये होतो. गेर म्हणजे नमद्याचा गोल तंबू. दारावर टकटक करायची पद्धत नाही. लांबूनच ‘नोखोई खोर!’ ओरडायचं, म्हणजे ‘कुत्रं धरा!’ दुभाषीने आत जायचे नियम सांगितले. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, वाटी उजव्या हाताने घ्यायची, डावा हात कोपराला. म्हणजे आपण तीर्थ घेतो जवळपास तसंच. मी न शिकवता बरोबर केलं म्हणून आजीबाईंनी मला जास्तीचा आरूल दिला. चक्का वाळवून त्याचा दगड केला की आरूल होतो. तो अर्धा तास गालात फिरवला, फुटला नाही. वर उंटिणीचं आंबवलेलं दूध आणि मीठ घातलेला चहा.

मध्यरात्री छत्री घेऊन बाहेर पडले. आभाळ इतकं खाली आलेलं की बिचकायला झालं. अखा गाडीला टेकून उभे होते. मला बघून अवघडले, मग पूर्वेकडच्या एका ठळक ताऱ्याकडे बोट करून म्हणाले, ‘बर्खासबादी’. मी दोनदा म्हणून बघितलं आणि एकदम लागलं : बृहस्पती! मग मी ‘शुक्र’ म्हटलं, ते म्हणाले ‘सुगार’. ‘अंगारक’ला ‘अंगाराग’. ‘शनैश्चर’ मी सावकाश म्हटलं, तेव्हा त्यांनी जरा विचार करून ‘सांचिर’ दिलं. संस्कृतातले हे ग्रह बौद्ध ग्रंथांबरोबर मध्य आशियातल्या उइगुर लोकांमार्फत तिथवर पोचले. एकमेकांची भाषा अजिबात येत नसताना आम्ही पाच मिनिटं गप्पा मारल्या, आणि मी कशासाठी बाहेर आले होते ते साफ विसरले.

पुढे ओंगीच्या मठाचे पडके अवशेष, खारखोरिनला १०८ स्तूपांची तटबंदी असलेला एर्देने झू मठ, हे सगळं नीट पार पडलं, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही नाही. आठव्या दिवशी उलानबातरला आंघोळ केली. पाणी चहाच्या रंगाचं वाहत होतं.

रात्री सगळे एका बऱ्यापैकी रेस्टॉरंटमध्ये जेवलो. मध्येच डच आजोबा उठले, नॅपकिन नीट घडी करून ठेवला आणि वेटरला गंभीरपणे म्हणाले, ‘मोर खार्ना.’ वेटरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जिन्याखालच्या दाराकडे त्याने हात केला.