लिटर कुठे संपतो?

आमची शाळा दुष्काळी माण तालुक्यातली, द्विशिक्षकी. चौथीचा वर्ग आणि सगळी कागदपत्रं सरांकडे, पहिली ते तिसरी माझ्याकडे, तीही एकाच खोलीत. पट चोवीस. पहिलीला लिहायला द्यावं, दुसरीला पाढे म्हणायला लावावेत आणि तिसरीकडे वळावं, तर तोवर पहिलीचं लिहून संपलेलं असतं आणि कुणीतरी कुणाची तरी पेन्सिल मोडलेली असते. जोडवर्ग चालवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत मी खोली रिकामी केली. प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. त्या सुमाराला आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, मुलांनी स्वतः करून शिकण्यासाठी गाजलेल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. मीही जाऊन आले होते. परतल्यावर बऱ्याच जणांनी पहिलं काम काय केलं, तर फरशीवर ऑइलपेंटने चौकटी आखून घेतल्या. फरश्या छान रंगल्या, मुलं त्या चौकटींत मांडी घालून बसली आणि बाई पुन्हा फळ्यापाशी उभ्या. मला मात्र तिथली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली होती. मुलांना काही हवं असलं की ती उठून घेत होती, बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हती. ते रंगाने होत नाही. वस्तू कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि ती परत कुठे जायची हे मुलाला ठाऊक आहे का, यावर ते होतं.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर ग्रामपंचायतीच्या निधीतून रंगवलेली सूर्यमाला आहे, जमिनीपासून सात फुटांवर. शनीची कडी बघायची तर पहिलीच्या मुलाने मान मोडून घ्यायची. भिंत बोलकी आहे खरी, पण बोलते ती भेटीला आलेल्या साहेबांशी. ती तशीच राहू दिली आणि खाली, मुलांच्या हाताला येईल असा तीन फुटांचा काळा पट्टा चारही बाजूंनी मारून घेतला. त्यावर मुलांनी हवं ते लिहायचं.

मग चार कोपरे. कपाटं नव्हतीच, सरांनी ओळखीच्या फळवाल्याकडून सफरचंदाची लाकडी खोकी आणली. ती आडवी ठेवली की झालं फडताळ. गणिताच्या कोपऱ्यात चिंचोके, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि दर दहा मण्यांनी रंग बदलणारी शंभर मण्यांची माळ. रचनेच्या कोपऱ्यात काडेपेट्या आणि सुताराकडचे लाकडाचे तुकडे. वाचनाचा कोपरा दारापासून सगळ्यात लांब, पुस्तकं दोरीला अशी टांगलेली की मुखपृष्ठ दिसावं. आणि दारापाशी, जिथे फरशीला बाहेरच्या बाजूने उतार आहे, तिथे मापांचा कोपरा: एक बादली पाणी, रिकाम्या बाटल्या, विज्ञान पेटीतलं मोजपात्र, औषधाचा ड्रॉपर. प्रत्येक खोक्यात तळाला त्या त्या वस्तूची खडूने बाह्यरेषा काढली, म्हणजे अजून वाचता न येणाऱ्या पोरालाही ड्रॉपर कुठे ठेवायचा ते कळावं.

यात नवं काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं, महागड्या मॉन्टेसरी साहित्याच्या जागी परिसरातल्या वस्तू आणल्या. अडचण कल्पनेची कधीच नव्हती. चोवीस मुलांनी एकाच वेळी बादलीवर झेप घेतली तर काय, ही खरी अडचण. त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यात सहा खिळे ठोकले आणि प्रत्येक मुलाला बाटलीच्या झाकणाचा बिल्ला दिला, त्यावर ज्याचं त्याचं नाव. कोपऱ्यात जायचं तर बिल्ला खिळ्यावर अडकवायचा. खिळे भरले की दुसरीकडे जायचं. आणि तराजू, मोजपात्र मुद्दाम एकेकच ठेवलं. वस्तू सगळ्यांना पुरली की प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात मुकाट खेळतो. पुरली नाही की बोलावं लागतं, आणि मला ते बोलणंच हवं होतं.

शाळा उघडली, परिपाठ झाला, मुलं आत आली. पाण्याचे सहा खिळे भरायला अर्धा मिनिटही लागलं नाही. माण तालुक्यात पाण्याशी खेळायला परवानगी, तीही शाळेत! उरलेली मुलं इतर कोपऱ्यांत बसली खरी, पण त्यांच्या माना दाराकडे. मी बादलीपासून चार हातांवर बसून राहिले. सांडलेलं पाणी परसबागेतल्या कढीपत्त्याला घालायचं, एवढा एकच नियम मी घातला होता.

तिसरीतल्या एका मुलाचे वडील डेअरीला दूध घालतात. त्याने घरून अॅल्युमिनियमचं लिटरचं माप आणलं होतं. त्याने ते काठोकाठ भरून पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत ओतलं. बाटली भरली नाही. गळ्यापाशी दोन-अडीच बोटं जागा राहिली.

समोर बसलेली मुलगी, एरवी जिच्या तोंडून शब्द काढायला मला दिवस लागतो, ती फटकन म्हणाली, "तुमचं माप कमी हाय."

पोराचा चेहरा पडला. गावात दूधवाल्याच्या मापाबद्दल असं बोलणं म्हणजे साधी गोष्ट नाही. त्याने माप उलटं केलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. "शिक्का बघ. वैधमापनवाल्यांचा हाय. दर खेपेला तपासून आणत्यात."

"मग बाटली खोटी."

"बाटलीवर लिवलंय की लिटर."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजपात्र पुढे सरकवलं, दुसरं काही बोलले नाही. दोनशे मिलीचं पात्र, पाच वेळा ओतलं. पाणी पुन्हा तिथेच येऊन थांबलं. मग सोड्याच्या बाटलीत ओतून पाहिलं, तेलाच्या बाटलीत पाहिलं. प्रत्येकीत लिटर ओतून झाल्यावरही वर जागा शिल्लक. मापाचा शिक्का खरा ठरला, बाटलीवरचं लिहिलेलंही खरं ठरलं, आणि मुलगी तरीही ऐकेना. तिचं म्हणणं एकच, "मग लिटर संपतो कुठं?"

तिने प्रत्येक बाटलीवर पाणी थांबलं तिथे रबर चढवला. बाटल्या ओळीने ठेवल्या तेव्हा रबर कुठे वर, कुठे खाली. अरुंद बाटलीत उंच, रुंद बाटलीत पोटापाशी. आता गणिताच्या कोपऱ्यातलं पहिलीचं एक पोर बिल्ला न काढताच तिथे येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "ह्यात जास्त हाय," बोट अर्थातच उंच रबराकडे. तिसरीच्या मुलांनी त्याला समजावलं की दोन्हीत एकच लिटर ओतलाय. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा म्हणाला, "पण ह्यात जास्त हाय."

डी.एड.ला आपण सगळ्या शिक्षकांनी बालमानसशास्त्रज्ञ पियाजे वाचलेला असतो: उंच पेल्यातलं पाणी लहान मुलाला जास्त वाटतं, आणि सातव्या वर्षाच्या आसपास ते बदलतं. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप लिहिलेली असते. पण तीन इयत्ता एका खोलीत असण्याचा फायदा हा, की न बदललेलं मूल, बदलत असलेलं मूल आणि बदलून गेलेलं मूल एकाच बादलीभोवती वाद घालत असतात. दुसरीतली एक मुलगी तर आधी उंच बाटलीकडे बोट दाखवायची, मग थांबायची, मग म्हणायची, "नाय नाय, थांबा." सकाळभर तिचं तेच चाललं होतं. तो तिढा मी सोडवला नाही. सोडवून हाती काय लागलं असतं?

खिचडीच्या सुट्टीत एका नातवाचा स्वेटर द्यायला त्याची आजी आली. घर शाळेच्या मागेच. पायरीवर बसून तिने सगळा प्रकार पाहिला आणि मला म्हणाली, "बाई, पोरं निस्ती लिटरनंच मोजत्यात व्हय? आमच्याकडं शेर हाय, मापटं हाय, चिपटं हाय. आनू का?"

नातू पळत जाऊन तिन्ही घेऊन आला, सोबत सुपभर ज्वारी. आजीने मापटं ज्वारीत खुपसून वर काढलं, काठाच्या वर दाण्यांचं टोक आलेलं. पहिलं माप ओतताना ती म्हणाली, "लाभ." मग दोन, मग तीन. पहिलीची पोरं ओरडली, "आजी, एक ऱ्हायला!" धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तिने त्यांना ज्या गांभीर्याने सांगितलं त्याला तोड नाही. मग दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, मुलांनी स्वतः भरून पाहिलं. तिसरीला अर्धा आणि पाव शिकवायला मी कागदाच्या घड्या घालायचं ठरवलं होतं. त्या घड्या तशाच राहिल्या.

सकाळी रबर चढवणाऱ्या मुलीच्या मात्र वेगळीच गोष्ट डोक्यात आली. ती म्हणाली, "आजी, हे काठाच्या वरचं पन मापात धरायचं?"

"शीग लावल्याबिगर माप कसलं?" आजी म्हणाली.

म्हणजे बाटलीत लिटर काठाच्या खालीच संपतो आणि मापट्यात काठाच्या वर जातो. ती बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली. मी तोंड उघडणार इतक्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पाण्याला शीग लाव की." सगळे हसले, कारण पाण्याला शीग कशी लागणार.

एक जण हसला नाही, तो पहिलीचा, उंच बाटलीवाला. त्याने स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि ड्रॉपरने त्यात थेंब सोडायला लागला. एक, दोन, दहा. सांडेना. पोरं पेल्याभोवती ओणवी झाली. डोळा काठाच्या रेषेत आणला की दिसत होतं, पाणी काठाच्या वर फुगलेलं. मी सुद्धा फरशीवर गाल टेकवून पाहिलं. मग तो किंचाळला, "शीग आली! पाण्याला शीग आली!" आणि पुढच्याच थेंबाला एका बाजूने ओघळ सुटला.

पृष्ठताण हा शब्द मी काढला नाही. किती थेंबांना सांडतं, एवढं विचारलं. मग पेले बदलून, हात पुसून, काठाला तेलाचं बोट लावून संध्याकाळपर्यंत मोजणी चालली. काळ्या पट्ट्यावर थेंबांचे आकडे, कुणाचे उलटे, कुणाचे सुलटे. आणि शंभर मण्यांची माळ, जिच्याकडे सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं, ती थेंब मोजायला पाण्यापाशी आली.

वाचनाचा कोपरा मात्र दिवसभर ओस. एकही बिल्ला नाही. तो लांब आणि शांत ठेवला होता, पुस्तकात सांगतात त्याप्रमाणे सगळं बरोबर होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांचीच वाक्यं मोठ्या अक्षरांत पट्ट्यांवर लिहून त्या दोरीला लावली: लिटर कुठे संपतो. पाण्याला शीग आली. पहिलीची मुलं ती बोट ठेवून वाचू लागली, कारण त्यात काय लिहिलंय ते त्यांना आधीच माहीत होतं. पुस्तकंही मग हळूहळू उतरली. मापांचा कोपरा व्हरांड्यात हलवला, कारण खोलीतलं पाणी पुसून सर वैतागले होते.

त्याच आठवड्यात मुलांनी घराघरांतून आणखी शेर आणले. ते एकमेकांशी जुळेनात, एकाची ज्वारी दुसऱ्यात ओतली की सांडते. कुणाचा शेर खरा, यावर सध्या वाद चालू आहे, आणि दूधवाल्याचा पोरगा शिक्का कुठे आहे ते प्रत्येकाला विचारत फिरतो. वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ सालचा. तो का करावा लागला असेल हे त्याला बहुधा चौथीत सर सांगतील. तूर्त शेर ठेवायला जागा उरलेली नाही. सरांनी फळवाल्याला आणखी एका खोक्यासाठी निरोप धाडलाय.