पाइनँ, आमा

एका विद्यार्थिनीची आई आली होती ती फाफ्साच्या फॉर्मसाठी. कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा हा अर्ज. 2024-25 पासून त्यात पालकालाही स्वतःचं खातं उघडून संमती द्यावी लागते. तिच्याकडे ईमेलच नव्हता. एरवी ती माझ्या खोलीत आली नसती. चार वर्षांत एकाही पालकसभेला दिसली नव्हती, आणि मुलीच्या फाइलमध्ये मीच लिहून ठेवलं होतं: 'पालकांचा सहभाग कमी'.

मी ओहायोत, कोलंबसच्या एका हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. इथे भूतानची नेपाळीभाषक कुटुंबं पुष्कळ. 1990 च्या सुमारास देशातून हाकलली गेलेली, मग नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या निर्वासित छावण्या, आणि 2008 पासून अमेरिका. ही मुलगी पाचव्या वर्षी आली. आई गोदामात रात्रपाळीला पॅकिंग करते.

दुभाषी बोलावलेला नव्हता. तो शाळेने द्यायचा असतो, मुलांकडून हे काम करून घ्यायचं नसतं, हे सगळं आम्हाला माहीत असतं. पण मुलगी हुशार, समोर बसलेली, आणि घंटा व्हायला पंधरा मिनिटं. सगळेच असं करतात. मीही केलं.

"सिनसिनाटीच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, शिष्यवृत्तीसकट," मी म्हणाले.

मुलगी आईशी काही बोलली. आईने काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "पाइनँ, आमा."

मला नेपाळी येत नाही. पण मराठी-हिंदीवर वाढलेल्या कानाला एवढं कळतं. नाही मिळालं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

तिला बाहेर घेऊन गेले. "तू सांगतेस, की फोनवर दुभाषी घेऊ?" रडेल असं वाटलं होतं, ती चिडली. "दवाखान्याची पत्रं कोण वाचणार? घरमालकाशी कोण बोलणार? भावाच्या शाळेतून फोन आला तर?" नवव्या वर्षापासून हे सगळं तीच करत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लावा फोन."

आईशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलता आलं असतं, पण पैशांच्या आणि सह्यांच्या गोष्टी तशा करू नयेत.

दुभाषी बाईंचं पहिलं वाक्य संपायच्या आत आई म्हणाली, "थाहा छ." माहीत आहे. पत्र आलं त्या रात्री पोरगी जेवली नव्हती, त्यावरूनच तिने ताडलं होतं.

"मग मघाशी विचारलंत ते?"

"खोटं बोलते का ते बघत होते."

कामावर जायच्या आधीचा तास ती रोज टेबलाशी मुलीसमोर बसायची. आज काय शिकलीस ते नेपाळीत सांग, असा नियम. मुलीला प्रकाशसंश्लेषण नेपाळीत सांगता येईना, तेव्हा आई म्हणाली होती, मग तुला ते अजून समजलेलं नाही. हे सांगताना दुभाषी बाईंनाच हसू आवरेना. मुलगी खाली बघत होती. मी फाइल उघडून ती ओळ खोडली. चार वर्षं उशिराच.

दवाखान्याच्या पत्रांचं काय, यावर आईने हात झटकला. बघू.

ईमेल उघडला, पासवर्ड दोनदा चुकला. आईने गावाचं नाव पुन्हा विचारलं. छावणीतल्या शाळेत ती तिसरीपर्यंत गेली होती, म्हणजे लिपी आमची एकच. मी चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दिलं. तिने बोट ठेवून वाचलं, सि, न, सि, ना, टी, आणि मुलीला विचारलं, बस किती वाजता असते.