ओविडच्या चित्रांत डावं-उजवं का फिरतं

वेरूळच्या लेण्यांत देव ओळखताना आपण चेहऱ्यावर विसंबत नाही. मकरावर उभी ती गंगा, कासवावर ती यमुना. सोळाव्या शतकातल्या युरोपी पुस्तकांतले रोमन देवही असेच ओळखायचे. गरुड आणि वज्र दिसलं तर ज्युपिटर, टोपीला पंख असतील तर मर्क्युरी. कपाळावर चंद्रकोर पाहून आपलं मन शंकराकडे धावतं, पण इथे ती डायना. मोर जूनोचा. पैठणीच्या पदरावर मोर पाहत वाढलेल्यांनी त्याची कथा वाचावीच: शंभर डोळ्यांचा पहारेकरी आर्गस मारला गेला, तेव्हा जूनोने त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर लावले, असं प्राचीन रोमन कवी ओविड सांगतो.

देव कळला की मग रेषा बघा, म्हणजे चित्र लाकडी ठशाचं की तांब्याच्या पत्र्याचं ते कळेल. लाकडी ठशात रेषेच्या आजूबाजूचं लाकूड काढून टाकतात आणि उंच राहिलेल्या रेषेला शाई लागते. हा ठसा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीचाच असल्याने मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापून निघतं. तांब्याच्या पत्र्याचं उलटं. बिदरीत कोरलेल्या खाचेत चांदीची तार बसते, तशी इथे खाचेत शाई बसते. पत्र्याचा वरचा भाग पुसून स्वच्छ करायचा, ओला कागद ठेवायचा आणि रुळांच्या यंत्रातून जोर देऊन काढायचा. त्याच पानावर मजकूर हवा असेल तर कागद दोनदा छापावा लागतो. दुसऱ्या खेपेला तो जरा सरकला की चित्र तिरकं बसतं किंवा ओळीवर चढतं. पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोनही कागदावर उमटतो, मात्र मोबाईलवरच्या स्कॅनमध्ये तो बहुधा दिसत नाही. तिथे रेषेचं टोक मोठं करून पाहावं. तांब्यावरची रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि टोकदार संपते.

आता डावं-उजवं. फ्रेंच चित्रकार बर्नार्ड सालोमोंने केलेले 178 लाकडी ठसे 1557 मध्ये फ्रान्समधल्या लियाँला ओविडच्या पुस्तकात छापले गेले. 1563 मध्ये फ्रँकफर्टला निघालेल्या ओविडच्या पुस्तकात जर्मन चित्रकार व्हर्जिल सोलिसची चित्रं आहेत. त्यांतली बहुतेक सालोमोंचीच, पण आरशात पाहावी तशी फिरलेली. कारण साधं आहे. छापलेलं चित्र जसंच्या तसं ठशावर उतरवून कोरलं, की छापताना ते उलटतं. दिशा राखायची तर आधीच उलटं काढावं लागतं, आणि ती मेहनत सगळे घेत नसत. म्हणूनच नकलांत तलवारी डाव्या हातात जातात. पण डावा हात एवढाच पुरावा धरू नका, मूळ चित्रकारही कधी चुकतो. दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि झाड, नदी, पळणाऱ्याची दिशा ताडून पाहा.

लाकडी ठसे वर्षानुवर्षं वापरात राहत. चौकटीची रेषा तुटलेली आणि काळ्या भागात बारीक गोल पांढरे ठिपके दिसले, तर ठशाला किडीने भोकं पाडली आहेत आणि ती छपाई उशिराची आहे.