बरणीची कोरी कड

पानात लोणचं वाढलं की पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "इतक्या जुन्या बरण्या अजून धड कशा राहिल्या? आमच्याकडे दोन वर्षांत वास तरी लागतो, नाहीतर चीर तरी जाते." परवा भाचीनेही फोनवर जवळजवळ हेच विचारलं. तिने हौसेने स्टोनवेअरच्या सहा ताटल्या घेतल्या आणि महिन्याभरात त्यांच्यावर करड्या रेघा उठल्या. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आपण जिला चिनी मातीची बरणी म्हणतो, वर तपकिरी आणि खाली पांढरट, ती आणि भाचीच्या ताटल्या एकाच घरच्या. दोन्ही स्टोनवेअर. साधारण १२०० अंश सेल्सियसला किंवा त्याहून जास्त आचेला भाजलेली माती. त्या आचेत ती इतकी घट्ट होते की माठासारखी पाझरत नाही. वर काचेचा थर असतो, ती झिलई. आंबट आणि खारट तिला खात नाही, म्हणून तर वर्षाचं लोणचं तिच्यात भरतात.

पण झिलई सगळीकडे नसते. बरणी उलटी करून बघा. तळाची कड आणि झाकण टेकतं ते तोंडाचं कडं कोरं असतं, हाताला खरखरीत लागतं. भट्टीत झिलई वितळते. ती तळाला राहिली तर बरणी खालच्या फळीला चिकटून बसेल, म्हणून तिथून ती पुसून काढतात. माझ्या अनुभवात बरणीचं जवळजवळ प्रत्येक दुखणं या कोऱ्या कडेपासून सुरू होतं. तिथे थोडं पाणी मुरतं, थोडं तेल मुरतं. मुरलेलं तेल खवट होतं आणि त्याचा वास नव्या लोणच्याला लागतो. ओल राहिली तर दादऱ्याखाली, म्हणजे तोंडाला बांधलेल्या फडक्याखाली, बुरशी धरते. आपण मात्र बरणी आतून तेवढी चकचकीत घासतो आणि कडेकडे बघतही नाही.

बरणी रिकामी झाली की मी ती त्याच दिवशी धुते. आधी जुन्या कागदाने तेल पुसून काढते, तोंडाचं कडं दोनदा. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि नारळाची शेंडी. तारेची घासणी कधीच नाही. धुतल्यावर बरणी सपाट ओट्यावर उपडी ठेवली तर आतली वाफ आतच कोंडते, म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवते. मग ऊन. किती दिवस, ते कडच सांगते: ओली असली की मातीचा रंग गडद दिसतो, वाळत आली की फिका पडत जातो. सगळी कड एकसारखी फिकी दिसली की तिला गाल लावून बघायचा. गार लागली तर अजून एक ऊन. एवढं झाल्यावर हिंगाची धुरी. निखारा लहान घ्यायचा आणि बरणी त्याच्यापासून चांगली वर धरायची.

हे मी एक बरणी गमावून शिकले. लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा होता. सासूबाईंची दहा किलोची बरणी, त्यांच्या सासूबाईंच्या वेळची. फोडी, मीठ, मोहरीची डाळ सगळं आत भरून झालं होतं. फोडणीचं तेल निवल्यासारखं वाटलं, मी भांड्याला बाहेरून हात लावून बघितला आणि ओतलं. टिच्च असा आवाज आला, अगदी बारीक. सासूबाई आतून आल्या, बरणीला टिचकी मारली. "बद्द वाजतेय. गेली," एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत फारसं बोलल्याही नाहीत. जाड भिंतीची आतली बाजू तापून फुगते, बाहेरची गार असते, आणि ती ओढाताण मातीला सोसत नाही. आता मी तेल रात्री करते आणि सकाळी ओतते. उन्हात तापलेली बरणी गार फरशीवर टेकवायची झाली तर खाली चुंबळ किंवा घडी केलेलं फडकं घालते.

त्या बरणीची चीर डोळ्यांना दिसत नव्हती. टाकायला जीव होत नव्हता म्हणून आम्ही तिच्यात मिठातल्या मिरच्या भरून पाहिल्या. दोन महिन्यांनी तळाजवळ बाहेरून पांढरी भुकटी फुलली. बोटाला लावून चाखली तर मीठ. खार चिरेतून झिरपून बाहेर येऊन वाळला होता. तुमच्या बरणीवर असं फूल दिसलं तर तिला लोणच्यातून निवृत्त करा. शंका असेल तर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागदावर ओलं वर्तुळ उमटलं की उत्तर मिळालं. डिंक नाही, पांढरं सिमेंट नाही. पितळेला कल्हई पुन्हा लावता येते, झिलई घरी लावता येत नाही. आतून टवका उडालेल्या भांड्याचंही हेच. आमची ती बरणी आता लाकडी डाव आणि रवी ठेवायला आहे, ओट्याच्या कोपऱ्यात.

भाचीच्या रेघा मात्र ओरखडे नव्हतेच. चमच्याचं आणि काट्याचं स्टील झिलईवर घासून उरलं होतं, पाटीवर पेन्सिल उमटते तसं. खाण्याचा सोडा ओला करून मऊ फडक्याने हळूहळू चोळ म्हटलं, निघाल्या. खरे ओरखडे पडतात ते एकावर एक ठेवल्याने. वरच्या ताटलीची कोरी कड खालचीची झिलई खरवडते. मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घालायचा. कड फारच खरखरीत असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. फ्रीजमधली ताटली तशीच मायक्रोवेव्हमध्ये नको. आणि रंगीत नक्षीची जुनी, कुठून आली माहीत नाही अशी भांडी आंबटाला वापरू नका. काही रंगांत आणि झिलईत शिसं असतं, ते आंबटात उतरतं. ती शोभेला ठेवावी.

नवी बरणी घ्यायची झाली तर ती रिकामी, झाकण काढून, तळहातावर तोलून धरा आणि टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या. तोंडाच्या कडेवरून बोट गोल फिरवा, कुठे अडकतंय का बघा. झाकण बसवून हलवून बघा. दुकानदार घाई करेल, करू द्या. भाचीला मी येत्या चैत्रात दोन किलोची घेऊन देणार आहे. लोणच्याच्या कैऱ्या बाजारात यायच्या आधी बरणीला दोन-चार उन्हं मिळायला हवीत.