आमची वाटचाल : काळ्या मातीवरचे पोर्च

२००४ साली नागपुरात पोर्च दुरुस्तीची आमची फर्म सुरू झाली, तेव्हा एक जुनी लूना, चार घमेली, दोन थाप्या, एक ओळंबा आणि मिस्त्रींचा अर्ध्या किलोचा हातोडा एवढेच तिचे भांडवल होते. तो हातोडा आजही माझ्या पिशवीत असतो. पोर्चच्या स्लॅबवर तो वाजवत गेले, की जिथे काँक्रीट सळईपासून सुटलेले असते तिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. त्या जागेभोवती खडूने रेघ ओढली, की आमचे अर्धे अंदाजपत्रक तयार होते. नवीन मुले कामावर आली, की आल्याआल्या ब्रेकर मागतात. मी त्यांना आधी महिनाभर हातोडा वाजवायला लावतो.

मिस्त्री बालाघाटकडचे. आमची भागीदारी कागदावर कधीच आली नाही, तरी नफ्याचा तिसरा हिस्सा पहिल्या कामापासून त्यांचा आहे. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते हे इथे लहान पोरालाही ठाऊक असते. पण घर पायावर उभे असते आणि पोर्चची जमीन बहुधा नुसत्या भरावावर, म्हणूनच जोत्याला लागून ती ओळखीची भेग पडते, हे मला त्यांनी दाखवले. ती भेग सिमेंटने बुजवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची सोय. आम्ही जुनी जमीन उखडतो, काळी माती जमेल तितकी काढून टाकतो, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मसाने ठोकतो आणि नवे काँक्रीट जोत्याला न चिकटवता मध्ये फटीची जागा सोडून ती सीलंटने भरतो.

आता २०१६ बद्दल. बेसा रोडवरील एका ले-आउटमधील बावीस घरांच्या पोर्चची दुरुस्ती आम्हाला मिळाल्यात जमा होती. सुटलेले काँक्रीट तोडायचे, सळई तारेच्या ब्रशने घासून तिला गंजरोधक लावायचे, मग पॉलिमर मॉर्टरने कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, पूर्ववत करायचे, असा आमचा दर होता आणि तोंडी होकारावर मी माल उचललाही होता. तेवढ्यात, आमच्याच साइटवर दोन वर्षे काम शिकलेल्या एका ठेकेदाराने जवळजवळ निम्मा दर दिला : वर स्लॅबला प्लास्टर, खाली चकचकीत टाइल. सळई गंजली की फुगते आणि कव्हर ढकलून पाडते, वरून प्लास्टर मारल्याने गंज थांबत नाही, हे मी तिथल्या बैठकीत तीनदा सांगितले. लोकांनी टाइलचे नमुने पाहिले. त्याने माझ्या अंदाजपत्रकातील मोजमापेसुद्धा जशीच्या तशी उचलली होती, हे मला आजही पचलेले नाही.

त्यातच ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. आमच्या धंद्यात शनिवारचा पगार रोख द्यावा लागतो. दोन शनिवार तो झाला नाही. मजुरांच्या किराणा उधारीला मिस्त्री स्वतः जामीन राहिले. फर्म बंद करण्याचे मी घरी बोलूनही दाखवले होते. अशा वेळी प्रतापनगरातील एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी, ज्यांना आम्ही बाईच म्हणतो, आपल्या पोर्चचे काम काढले आणि संपूर्ण रकमेचा चेक आगाऊ दिला. त्या पोर्चला आणखी दोन वर्षे तरी काही झाले नसते. मी तसे सांगितलेही. त्यांनी ऐकले नाही.

पुढची वर्षे बरी गेली. त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. मे महिन्यात भर दुपारी पोर्चचे काँक्रीट ओतू देऊ नका. पाणी मारणे सातव्या दिवशी थांबवू नका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात उष्ण व कोरड्या हवेसाठी किमान दहा दिवस सांगितले आहेत, आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या, सिमेंटला चौदा दिवस दिलेले बरे. गोणपाट ओले ठेवा. ढाळ फाटकाकडे, मीटरला किमान एक सेंटीमीटर असू द्या. आणि चकचकीत टाइल लावायचीच असेल तर दिवाणखान्यात लावा.

त्या बावीसपैकी तिघे यंदा आमच्याकडे आले. टाइलवर हातोडा वाजवला, तर दर दुसरी टाइल बद्द बोलत होती. उखडण्याचे पैसे मी वेगळे लावले, एक रुपयाही सोडला नाही.

सध्या काम पुन्हा बाईंकडेच आहे. समोर सिमेंटचा रस्ता झाल्यापासून तो त्यांच्या पोर्चपेक्षा वीतभर उंच झाला असून पावसाचे पाणी आत येते. पोर्च तितका उचलला तर दाराचा उंबरा बुडतो, म्हणून जमीन चार इंच चढवून फाटकाशी जाळीची नाली काढतो आहोत. मिस्त्रींचे गुडघे आता वाकत नाहीत. ते बाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसून लेव्हल पाइपचे एक टोक धरतात आणि दुसऱ्या टोकाला मी असतो.