मळवट भरलेला पक्षी

लेहला ग्रुप घेऊन जायचं हे माझं पाचवं वर्ष. ऑगस्ट संपत आलेला, आणि दुसरा दिवस म्हणजे पूर्ण आराम. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, विमानाने थेट येऊन उतरलं की शरीराला वेळ द्यावाच लागतो, हे मी सगळ्यांना दहा-दहा वेळा सांगते. तरी सांगलीच्या काकूंचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, ऑक्सिमीटरवर ८४. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले पाणी आणि आराम, वर कुठे नेऊ नका. चार वाजता बाकीचे ड्रायव्हरबरोबर शांती स्तूपाला गेले आणि मी काकूंजवळ थांबले.

गेस्ट हाऊसच्या मागे पाण्याचा पाट आहे, तिकडे त्याला युरा म्हणतात, त्याच्या काठाला काटेरी थिसल माजलेलं, आपल्या उंटकटाऱ्याच्या नात्यातलंच. फुलं सुकून म्हाताऱ्या उडायला लागलेल्या. तिथे बारीक किणकिण ऐकू आली म्हणून दुर्बीण लावली आणि हातच थांबला. फायर-फ्रंटेड सेरिन! चिमणीपेक्षा लहान, डोकं काळं कुळकुळीत आणि कपाळावर लालभडक ठिपका, अगदी निखारा. वीसेक असतील. चोचीने म्हातारी उपटायची, बी खायचं आणि कापूस सोडून द्यायचा, तो चोचीला चिकटलेला, वाऱ्यावर उडतोय.

इतकी वर्षं मी त्याच गेस्ट हाऊसला उतरतेय, रूमच्या चाव्या, जेवणाच्या वेळा, सिलिंडर, यातून त्या पाटाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं.

काकूंना दुर्बीण दिली. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "अगं, मळवट भरलाय गं यांनी! आणि ही बिनकुंकवाची, तपकिरी तोंडाची, ती मादी का?"

म्हटलं, "नाही काकू, ती यंदाची पिल्लं. मोठी झाली की नर-मादी दोघांच्याही कपाळावर लाल येतं."

"दोघांच्याही?" असं म्हणून त्यांनी परत दुर्बीण लावली. पिंजऱ्यातली पिवळी कॅनरी ह्याच कुळातली, हेही सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. एक पिल्लू कलंडलेल्या फांदीवर उलटं लटकून बी काढायला बघत होतं, त्याला जमेना, आणि काकू हळूच "अस्सं, अस्सं" म्हणत होत्या.

सहाला परत ऑक्सिमीटर लावायला गेले तर त्यांनी दुर्बिणीवरून नजर न काढताच बोट पुढे केलं. ८८ आलं.