महिन्याला ४०० नग: आमच्या तळ्यावरची मर्यादा

मांजरेच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यात एका मध्यम प्रकल्पाच्या तळ्यावर आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका आहे. आम्ही भोई, वस्ती तळ्याच्या काठालाच. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे एक नियम चालू आहे. चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) बारीक जाळ्यात चुकून सापडलेलं रोहू, कटला किंवा मृगळचं पिल्लू काठावर आणून मोजायचं. महिन्यात असे ४०० नग भरले की उरलेला महिना बारीक जाळी पाण्याबाहेर. सगळ्यांची. ज्याच्या जाळ्यात एकही पिल्लू आलं नाही त्याचीही. आसपासच्या तळ्यांवरची माणसं आता विचारायला येतात, तेव्हा हे कसं जमवलं ते एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

मुळात अडचण काय होती? रोहू, कटला, मृगळ यांना विणीसाठी वाहतं, पुराचं पाणी लागतं. साठलेल्या तळ्यात ते सहसा वीण घालत नाहीत. त्यामुळे दर पावसाळ्यात संस्था बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते, आणि तो पैसा सभासदांच्या खिशातला असतो. चिलापीचं तसं नाही. ती आपली आपण वाढते, रोज मिळते, रोज विकते. घरातलं तेल-मीठ तिच्यावर चालतं. पण तिच्यासाठी दोन बोटं आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक) जाळं लावावं लागतं, आणि दिवाळीनंतर कटल्याची पोरं नेमकी त्याच मापाला येतात. कटल्याचं डोकं मोठं. एकदा कल्ल्याखाली दोरा बसला की मागे सरता येत नाही. सकाळी जाळं उचलेपर्यंत ते पिल्लू मेलेलं असतं आणि कल्ल्यामागे दोऱ्याचा लाल करकोचा उमटलेला असतो. वजन पावशेर. बाजारात चिलापीच्या ढिगात, चिलापीच्याच भावात जातं. तेच पुढच्या दिवाळीपर्यंत राहिलं असतं तर किलोच्या वर गेलं असतं आणि भावही वेगळा मिळाला असता.

हे आमच्या आज्यालाही ठाऊक होतं. मी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकले तेव्हा एवढंच नवीन कळलं की हाच प्रश्न समुद्रावर फार मोठ्या प्रमाणात आहे आणि जगात त्यावर वेगवेगळे उपाय झालेले आहेत. शिकत असताना रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलर उतरताना पाहिला. कोळंबीसाठी तळ खरवडत ओढलेलं जाळं. टोपल्या ओतल्या तेव्हा कोळंबीपेक्षा बाकीचंच जास्त होतं: बोटभर बांगडे, खेकड्यांची पिल्लं, रुपयाएवढी पापलेटं. त्यातलं बरंचसं खताला आणि खाद्याच्या कारखान्याला जातं, असं तिथल्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाने जगभरात वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी पकडून परत समुद्रात टाकली जाते, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा असतो. आपल्याकडे फेकण्यापेक्षा विकण्याकडे कल असतो, त्यामुळे नुकसान डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

महाराष्ट्राने समुद्रासाठी काही नियम केलेत. मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला गेला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचं नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. नियम चांगला आहे, मला त्याचा आनंदच वाटतो. पण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभी राहून विचार केला तर एक गोष्ट खटकते. पट्टी लावून माप घेतो तेव्हा मासा मेलेला असतो. जाळं कुठे टाकायचं हा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो, आणि बदलायला हवा तो निर्णय.

म्हणून मला अमेरिकेतल्या अलास्काची पद्धत जास्त पटली. तिथे बेरिंग समुद्रात मोठाले ट्रॉलर पोलॉक नावाचा पांढऱ्या मांसाचा मासा पकडतात. त्या जाळ्यात चिनूक जातीचा सामन (सॅल्मन) मासा चुकून येतो. हा सामन युकॉनसारख्या नद्यांत चढून वीण घालतो आणि नदीकाठच्या आदिवासींचं पोट पिढ्यानपिढ्या त्याच्यावर चालत आलं. २००७ साली ट्रॉलरच्या जाळ्यांत असे १ लाख २० हजारांहून जास्त सामन सापडले आणि मोठी ओरड झाली. मग २०११ पासून मर्यादा आली: वर्षाला जास्तीत जास्त ६०,००० सामन. ते वजनावर नाही, नगावर मोजायचे. मर्यादा बोटींच्या गटांत आणि हंगामांत वाटून दिलेली. गटाचा वाटा संपला की त्या गटाची पोलॉकची मासेमारीही बंद, मग पोलॉक कितीही शिल्लक असो. त्याच्या खाली ४७,५९१ चा आणखी एक आकडा आहे. एखादा गट त्यातल्या आपल्या वाट्याच्या वर वारंवार गेला तर ६०,००० ची सवलत जाते आणि त्याचा वाटा या खालच्या आकड्यावरून ठरतो. प्रत्येक बोटीवर निरीक्षक किंवा कॅमेरे असतात, सापडलेला प्रत्येक सामन ठेवून मोजावा लागतो आणि तो विकता येत नाही. काही सामन भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या संस्थांकडे जातो. याचा परिणाम असा की सामन कुठे दाट आहे हे बोटवाले एकमेकांना कळवतात आणि तिथून जाळी हलवतात.

शिक्षण संपवून गावी आले तेव्हा आप्पा संस्थेचे सचिव होते. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सभेत मांड. पण आधी काकांना सांग."

थोरले काका म्हणजे आमच्या वस्तीतला शेवटचा शब्द. ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाळ्याला काय डोळे असतेत का पोरी? आमी चिलापीलाच टाकतो. कटला आपून येतो." मी म्हटलं, काका, जाळ्याला नसतील, पण तुम्हाला आहेत, पिल्लं कुठे असतात ते तुम्हाला अख्ख्या तळ्यात सगळ्यांत चांगलं कळतं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सुईनेच दाखवलं: ओढ्याच्या तोंडाशी, बाभळी बुडाल्यात तिथे, थंडीच्या दिवसांत. आमचा सगळा नियम पुढे या एका माहितीवर उभा राहिला.

सभेत लगेच मर्यादा मांडली असती तर ती त्याच दिवशी पडली असती. म्हणून पहिला हंगाम नुसतं मोजायचं ठरवलं. दंड नाही, बंदी नाही. मोजणी बायकांकडे दिली. मासळी निवडणं, तोलणं, बाजारात नेणं हे तसंही त्याच करतात. काठावर एक फळी ठोकली, तिच्यावर पट्टी रंगवली आणि शेजारी वही टांगली. वहीत तारीख, जाळ्याचा आस, तळ्याचा कोणता भाग आणि पिल्लांचे नग. नाव लिहायचं नाही. नाव लिहायचं नाही यावर सभेत सगळ्यांत जास्त वाद झाला, आणि मी तिथे हटले नाही. नाव लिहिलं की पिल्लू तराफ्याखाली लपतं. लपलेलं पिल्लू मोजलं जात नाही, आणि मोजलं गेलं नाही तर बाकी काही करण्यात अर्थ नाही.

हंगाम संपल्यावर वही सभेत वाचली. सगळ्यांत वाईट महिन्यात सहाशेच्या वर पिल्लं गेली होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त ओढ्याच्या तोंडाची होती. काकांनी सांगितलेलीच जागा. आत्याने तिथल्या तिथे त्या सहाशेंचा किलोभराच्या कटल्याच्या भावाने हिशेब करून सांगितला. सभा गप्प झाली.

आकड्यावर ओढाताण झाली. दोन-तीन जण दोनशे म्हणत होते. मला वाटत होतं की पहिल्याच वर्षी न झेपणारा आकडा घेतला तर लोक वही लिहिणंच सोडतील. शेवटी ४०० वर आलो. अलास्कासारखी दुसरी पायरीही ठेवली: ३०० झाले की संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना, आणि त्या दिवसापासून ओढ्याच्या तोंडाशी कुणीही बारीक जाळं टाकायचं नाही. मोठ्या आसाची जाळी आणि गळ यांना कधीच बंदी नाही. सापडलेलं पिल्लू बाजारात जाणार नाही. कर्ता माणूस नसलेल्या घरांना पाळीपाळीने द्यायचं. पकडणाऱ्याच्या घरी त्यातलं काही जाणार नाही. पिल्लू सापडल्याबद्दल कुणालाही दंड नाही. दंड आहे तो लपवल्याबद्दल.

कागदाचं काम थोडक्यात सांगते. सर्वसाधारण सभेत ठराव, इतिवृत्तात नोंद, आणि ठेक्याच्या अटींना कुठे धक्का लागत नाही याची खात्री. समुद्राचा कायदा तळ्याला लागू नाही, त्यामुळे हा सभासदांनी आपसात मान्य केलेला नियम आहे. एका कार्यालयात आमचा अर्ज बराच काळ पडून राहिला. आप्पा खेटे घालत राहिले आणि अखेर पोच मिळाली.

पहिल्यांदा मर्यादा भरली ती ऐन थंडीत. ३०० ची सूचना गेली तेव्हा बहुतेकांनी जाळी हलवली, पण काही जणांनी तिकडे लक्ष दिलं नाही, आणि महिना संपायला बराच अवकाश असताना आत्याने वहीत ४०० वा नग लिहिला. संध्याकाळी सगळी बारीक जाळी काठावर आली. तो काळ खरंच कठीण गेला. एका घरात पोरीची कॉलेजची फी भरायची होती, दुसरीकडे दवाखाना चालू होता. संस्थेच्या गंगाजळीतून घरटी थोडी उचल दिली, काहींनी गळ टाकून वाम आणि मरळ काढली, काही ऊसतोडीच्या मुकादमाकडे चौकशी करून आले. मला रात्री झोप लागत नव्हती. माझ्या शब्दावर या लोकांनी चूल मंद केली होती.

त्यातच एका पहाटे एक तराफा बारीक जाळ्यासकट सापडला. तो माझ्या मामाचा निघाला. सभा बसली. मामा म्हणाले, "पोटासाठी गेलो, चोरी न्हाई केली." आई एका कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. काकांनी जाळं महिनाभर संस्थेकडे ठेवायचा निर्णय दिला. माझं मत विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. मामा कितीतरी दिवस आमच्या दारात आले नाहीत. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण त्या दिवशी सूट दिली असती तर पुढच्या आठवड्यात वीस तराफे पाण्यात असते. पण तो सोपा होता असं मी कुणालाही सांगणार नाही.

पुढच्या महिन्यात जे झालं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता. ३०० व्हायच्या आधीच लोक स्वतःहून सांगू लागले: आज धरणाच्या भिंतीकडे पिल्लू नाही, बुडीत विहिरीपाशी आहे, तिकडे जाऊ नका. जो आपली जागा कधी सख्ख्या भावाला सांगत नव्हता तो गटावर लिहू लागला. त्याचं पोट दुसऱ्याच्या जाळ्यावर अवलंबून होतं. त्या महिन्यात मर्यादा भरली नाही. मामांनीही दोनदा जागा कळवली.

यंदा पाणी भरपूर होतं, त्यामुळे मोठा कटला दिसतो आहे त्यात नियमाचं श्रेय किती आणि पावसाचं किती, हे आणखी दोन-तीन हंगामांनी कळेल. आता पुढच्या सभेपुढे विषय आहे तो दुष्काळाचा. मराठवाड्यात तो बाजूला ठेवून कुठलाच नियम पुरा होत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आमच्या तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्याआधी लोकांनी बोटाएवढं पिल्लूसुद्धा काढून घेतलं, आणि ते योग्यच होतं. पाण्यावाचून मेलंच असतं. काका म्हणतात, पाणी कमी झालं की मर्यादा उठवावी. माझं म्हणणं असं की यात दोन वेगळ्या वेळा आहेत. अलास्कात सामन कमी असलेल्या वर्षी मर्यादेचे दोन्ही आकडे खाली येतात. आपल्याकडेही तळं निम्म्याखाली गेलं की पिल्लं थोड्या पाण्यात दाटतात आणि जाळ्यात जास्त येतात, तेव्हा ४०० चे २५० करावेत. पाणी मृतसाठ्याला, म्हणजे दारातून बाहेर न येणाऱ्या तळच्या पाण्याला, टेकलं की मात्र मर्यादा पूर्ण उठवावी आणि सगळ्यांनी मिळून मासळी काढून सारखी वाटून घ्यावी. ठरावाचा मसुदा मी असाच लिहिला आहे. काकांना अजून पटलेला नाही. तळ्याची पातळी कोण मोजणार, पाटबंधारे खात्याची पट्टी धरायची की आपली, हे त्यांनी विचारलं आहे, आणि सभेच्या आत मला त्याचं उत्तर काढायचं आहे.